झिंकच्या गोळ्या आणि हृदय

आरोग्य पुरवणीतील ‘झिंकच्या गोळ्यांनी कोलेस्टेरॉल आटोक्यात येते’ असे सुचवणारा लेख वाचला. काही चाचण्यांत, विशेषतः मधुमेही रुग्णांमध्ये, एकूण कोलेस्टेरॉल थोडे घटल्याचे दिसले आहे, हे मान्य. पण मात्रेविषयी लेखात चकार शब्द नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

१९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२ निरोगी पुरुषांना पाच आठवडे रोज ४४० मिलिग्रॅम झिंक सल्फेट दिले गेले. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, जागचे हलले नाही. घटले ते चांगले एचडीएल, तेही सुमारे २५ टक्क्यांनी! मात्रा मोठी होती खरी, पण ‘जास्त घेतले तर जास्त फायदा’ हा समज त्याने खोटा ठरतो.

शिवाय जास्त झिंकमुळे आतड्यातून तांबे शोषले जाणे कमी होते. तांब्याची कमतरता दीर्घकाळ राहिली तर रक्तक्षय होतो, चेतातंतूंनाही इजा पोहोचते. प्रौढांसाठी शुद्ध झिंकची दिवसाची कमाल मर्यादा अमेरिकेत ४०, तर युरोपात २५ मिलिग्रॅम आहे. बाजारातली ५० मिलिग्रॅमची एकच गोळी ही मर्यादा ओलांडते. (वेष्टनावरचा आकडा शुद्ध झिंकचा की झिंक सल्फेटसारख्या क्षाराचा, हेही पाहावे लागते.)

ज्यांच्या शरीरात झिंक कमी आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ते जरूर घ्यावे. मात्र असा लेख वाचून कोणी कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी बंद केली तर काय, याचा विचार छापण्यापूर्वी व्हायला हवा होता.

– एक वाचक