मधलं अक्षर आधी

कोल्हापूर, शुक्रवार पेठ

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, डोळ्यावरची पट्टी निघाली असं दादा म्हणाला, म्हणून हे मुद्दाम कागदावर, ठसठशीत अक्षरात लिहितेय. फोनमध्ये बघत बसू नका अजून. ताण वाटला तर वहिनीकडनं वाचून घ्या. इकडं सगळं ठीक आहे. तुळशीला रोज पाणी घालते. गल्लीत ज्याला त्याला विचारायचं असतं, पेंटर नाशिकहून कधी येणार म्हणून.

गेलं दीड वर्ष मी रात्री उशिरापर्यंत दिवा लावून काय करते, ते तुम्हाला एकदा नीट सांगायचं होतं. आई, तुला एवढंच माहीत आहे की मी टॅबवर चित्रं काढते. मी वेबकॉमिक करतेय. म्हणजे चित्रकथाच, पण फोनवर वाचायची. पानं उलटायची नाहीत. एक लांबच लांब पट्टी असते, अंगठ्यानं वर सरकवत गेलं की खालचं चित्र पुढं येतं. दोन चित्रांमध्ये मोकळी जागा जास्त सोडली की वाचणाऱ्याला वाटतं, मध्ये बराच वेळ गेला. नुसत्या कोऱ्या जागेतनं वेळ दाखवता येतो, याचं मला अजून नवल वाटतं.

चित्रांचं कधी अडलं नाही, हात तुमचाच आहे बाबा. अडलं ते गोष्टीपाशी.

आनंदराव पेंटर 1916 मध्ये गेले आणि अर्धा राहिलेला सिनेमाचा कॅमेरा बाबूराव पेंटरांनी हट्टानं पुरा केला, ही हकीकत तुम्ही मला झोपताना सांगायचात. पहिलं कॉमिक त्यावरच करायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. मग त्यात तीन पिढ्या आल्या, खासबागेतली कुस्ती आली, पन्हाळा आला, 12 माणसं झाली. तीन वह्या भरल्या. कुणाचं आजोळ कुठलं, कुणाच्या घराला किती खण, सगळं लिहिलेलं. पहिले दोन भाग काढले, 42 चित्रं. तिसऱ्या भागात नायिका कोल्हापूर स्टेशनवर उतरते. ती उतरली आणि तिथंच राहिली. ती कशासाठी आलीय हेच मला माहीत नव्हतं. चार महिने मी रोज बसायची आणि मागं जाऊन पहिल्या भागातली चित्रं नव्यानं रंगवायची. काम चालू आहे असं वाटायचं. गोष्ट तसूभरही हलत नव्हती. या दिवसांत मी तुमच्याशी नीट बोलत नव्हते, आई, तुझ्यावर दोनदा उगाच चिडले. त्याचं कारण हे होतं.

तुम्ही नाशिकला गेल्यावर माळा आवरायला काढला. मागच्या बाजूला एक पत्रा उभा करून ठेवलेला होता, कुणी तरी अर्ध्यात नको म्हटलेला बोर्ड असणार. पांढरा रंग मारलेला, खडूच्या दोरीच्या पुसट रेषा, आणि बरोब्बर मधोमध एकच अक्षर रंगवलेलं. 'ग'. डावीउजवीकडं नुसत्या खुणा.

ते बघून मी माळ्यावरच बसले. मी सहावीत असेन, तुम्ही बोर्ड लिहायला बसलात की आधी नाव बोटांवर मोजायचात. 'र'ला पाऊण घर, 'श्री'ला दीड, जोडाक्षराला आणखी थोडं. वर वेलांटीला जागा, खाली उकाराला जागा. मग मधलं अक्षर आधी. मी विचारलं होतं, पहिल्यापासनं का नाही लिहीत? तुम्ही म्हणालात, "डावीकडनं सुटलं की शेवटच्या अक्षराला पत्रा उरत नाही."

माझं तेच झालं होतं. डावीकडनं सुटले होते, पत्रा केवढा आहे ते न बघता.

तीन वह्या बांधून कपाटात ठेवल्या. कॅमेऱ्याची गोष्ट मी सोडलेली नाही, पण ती पहिल्या कामाला पेलणारी नाही. पहिलं काम लहान पत्र्यावरचं घेतलं: 2019 च्या ऑगस्टातला आपल्या गल्लीतला पूर. माणसं चारच. तुम्ही दोघं, मी आणि शेजारची आजी. भाग नऊ, आणि प्रत्येक भागाच्या माथ्यावर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. पहिला भाग 39 फूट, इशारा. दुसरा 43, धोका. त्या वर्षी पाणी 55 च्याही वर गेलं, म्हणजे पुढं काय येणार ते कोल्हापूरच्या माणसाला आकड्यावरनंच कळतं. मला फक्त घरात काय घडतं ते सांगायचं उरतं.

मग शेवटचं चित्र आधी काढलं. गाळ काढून झालाय, गिरणीच्या दारात शिडी लावलीय, तुम्ही वर आहात आणि नव्या पत्र्यावर एकच अक्षर आहे. हे हातात आल्यावर नववा भाग कुठं थांबणार ते कळलं, आणि तिथंवर न नेणारं काय काय आहे तेही दिसायला लागलं. नगरसेवक गेला, माझी मैत्रीण गेली, बोटीचा एक अख्खा भाग गेला. बोट चांगली जमली होती, तरी काढली.

बाबूराव शूटिंगच्या आधी पात्रं, पोशाख, हालचाली कागदावर काढून ठेवायचे, हेही तुमच्याकडनंच ऐकलेलं. मीही आता टॅब उघडण्याआधी काडेपेटीएवढ्या चौकोनांत सगळा भाग पेन्सिलीनं काढते. तो गल्लीतल्या एका पोरीला दाखवते आणि गप्प बसते. "ही कोण?" असं तिनं जिथं विचारलं, तिथं खूण. अंगठा भराभर सरकला, तिथंही खूण. चार तास जातात, पण नंतरचे चार महिने वाचतात.

सहाव्या भागात आपला लाकडी जिना आहे. अकरा पायऱ्या, एकच उंच चित्र. वाचणारा माळ्यापासनं सुरू करतो, तुमचे रंगाचे डबे, ब्रशांचा गठ्ठा, मग एकेक पायरी खाली. सातव्या पायरीला ओल दिसते. नवव्याला पाणी. तिथं पुढं काही नाही, नुसतं पाणी, अंगठा सरकवत राहावं तेवढं. हे चित्र मला पहिल्या खेपेलाच जमलं, कारण ते कुठं बसणार हे आधी ठरलेलं होतं.

आता दोन गोष्टी तुमच्याकडनं हव्यात.

बाबा, त्या रात्री तुम्ही डबे वर चढवत होता आणि आई आजीकडं निघाली, तेव्हा तुम्ही तिच्यावर ओरडलात. ते मी ठेवलंय. तुम्हाला किती भीती वाटली होती ते त्या ओरडण्यातच कळतं. नको वाटलं तर मी काढेन, पण ठेवू द्यावं अशी माझी विनंती आहे.

आणि आई, आजी म्हशीला सोडून निघायला तयार नव्हती. सगळ्यांनी समजावून झालं होतं. तू मांडीभर पाण्यातनं आत गेलीस, मी उंबऱ्यातनं बघत होते, तू तिच्या कानाशी काही तरी बोललीस आणि ती उठली. म्हशीचं दावं तिनं स्वतःच्या हातानं सोडलं. तू काय बोललीस ते मी कधी विचारलं नाही. ते चित्र बरोबर पाचव्या भागात येतं, नवांतल्या मधल्या. तू वाकलेली, आजीचा हात दाव्यावर, आणि तुझ्या तोंडाशी फुगा. फुगा कोरा आहे. मी चार वाक्यं लिहून पाहिली, चारही खोडली, कारण ती माझी होती.

रविवारी संध्याकाळी फोन करते. तेवढं सांग. आणि बाबांच्या डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी घाल.

तुमची,
लेक