काजव्यांच्या दिवसांत सूर्यास्तानंतर गाड्या थांबवा

संपादक महोदय,

मेअखेरीस भंडारदऱ्याला काजवे पाहायला निघणारे आपले वाचक पुष्कळ असतील, म्हणून हे पत्र. धरणाला वळसा घालून जो रस्ता रतनवाडी, साम्रद, घाटघरकडे फिरतो, त्या रस्त्यावरच्या एका गावात माझं घर आहे. गेली नऊ वर्षं आम्ही घरातच पाहुणे ठेवतो. पडवीत गाद्या घालतो, चुलीवरची नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा नि घरच्या तांदळाचा भात वाढतो. आमच्याकडे पावसाच्या पाण्यावर भाताचं एकच पीक निघतं. दिवाळी झाली की कितीतरी घरांना कुलूप लागतं आणि माणसं नारायणगावकडे मजुरीला जातात. काजव्यांचे हे पंधरा-वीस दिवस नेमके पेरणीच्या तोंडावर येतात. माझ्या घरात बियाणं आणि खत पाहुण्यांच्याच पैशातून येतं. त्यामुळे लोकांनी येऊ नये असं मी कधीच म्हणणार नाही.

माझं म्हणणं एवढंच की मुक्कामाला या, आणि दिवस मावळायच्या आत या.

गेल्या वर्षी पुण्याचं एक कुटुंब आमच्याकडे उतरलं होतं. जेवणं उरकून त्यांना घेऊन ओढ्याकाठच्या हिरड्याकडे चालत गेलो. अख्खं झाड एका लयीत पेटत-विझत होतं. त्यांची लहान मुलगी आजीचा पदर धरून गप्प उभी होती. तेवढ्यात रस्त्यावरून एक मोटार आली, हिरड्याकडे तोंड करून थांबली आणि मोठा दिवा तसाच चालू राहिला. आत गाणी चालू होती. झाड बघता बघता काळं पडलं. मागोमाग आणखी तीन गाड्या लागल्या. आम्ही पाऊण तास थांबलो, पण त्या झाडावर पुन्हा तशी लय काही आली नाही.

सकाळी त्याच जागी पाण्याची बाटली सापडली. झाकण घट्ट लावलेलं, तळाशी पंधरा-वीस काजवे मरून चिकटलेले. ती बाटली मी अजून माळ्यावर ठेवली आहे. येणाऱ्या पाहुण्यांना आधी ती दाखवतो.

काजवा लुकलुकतो तो जोडीदार शोधायला. नर उजेडाची खूण करतो, मादी उजेडानंच उत्तर देते. मोटारीच्या झोतात ही खूण दिसतच नाही. पंख फुटल्यावर त्याच्या हातात थोडेच दिवस असतात, त्यातली एक रात्र गेली तरी ते नुकसान मोठं. अळी मात्र कितीतरी महिने ओल्या मातीत, पाल्याखाली गोगलगायी खाऊन वाढते. गाडी लावायला झाडाखालची जमीन चेचली की पुढच्या वर्षीचे काजवेही तिथंच संपतात. हे सगळं रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातलं आहे, 1986 पासून. नियम आहेतच, पण शनिवारी रात्री धरणाजवळच्या शेंडी गावापासून गाड्यांची रांग लागली की ते पाळायला लावणार कोण?

म्हणून मागणी अशी. काजव्यांच्या दिवसांत संध्याकाळी सात वाजल्यानंतर धरणाच्या फेरीच्या रस्त्यावर बाहेरची एकही गाडी सोडू नये. आजारी माणूस आणि गावकरी यांना अर्थातच मुभा असावी. ज्यांना काजवे पाहायचेत त्यांनी उजेड असताना गावात पोचावं, गाडी अंगणात लावावी आणि रात्री गावच्या पोरांबरोबर पायी जावं. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावला की पायवाट दिसते आणि काजवेही बिचकत नाहीत. तो कागद मी घरात आणूनच ठेवतो.

यानं पर्यटक कमी होतील, धंदा बुडेल, असं आमच्यातलेच काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. रात्री आठला येऊन बाराला परतणारा माणूस गावात काय ठेवून जातो? फार तर चहाचे पैसे आणि प्लॅस्टिक. मुक्कामाची सक्ती झाली, तर रस्त्यापासून लांब, डोंगराच्या पोटाशी असलेल्या घरांनाही पाहुणे मिळतील. आज तिथवर कुणी जातच नाही, आणि खरा अंधार तिथंच उरला आहे.

काजवे दिसू लागल्यावर असले निर्णय होत नाहीत. 1 मेच्या ग्रामसभेत फेरीच्या रस्त्यावरच्या सगळ्या गावांनी तसा ठराव करावा, आणि वनखातं नि पोलिसांनी शेंडीच्या तिठ्यावर त्याची अंमलबजावणी करावी. आमच्या गावात तो ठराव मी स्वतः मांडणार आहे.

— एक घरगुती निवास चालक, भंडारदरा परिसर (ता. अकोले, जि. अहिल्यानगर)