वन्सं, तीन दोऱ्यांबद्दल आभार

प्रिय वन्सं,

एरवी तुला नावानं हाक मारते, आज मुद्दाम वन्सं म्हणतेय. नणंदेनं भावजयीच्या संसारात लक्ष घातलं की काय होतं, याच्या ओव्या आपल्याकडं जात्यावर ढीगभर आहेत. लक्ष घातलं आणि बरं झालं, असंही कुणीतरी चारचौघांत लिहायला हवं. म्हणून हे पत्र उघड.

तीन वर्षांपूर्वीची भाऊबीज. तुझं ओवाळून झालेलं, पुऱ्या अर्ध्या तळलेल्या, आणि सिलिंडर संपला. दुसरा रिकामाच होता, नंबर लावायचा राहिलेला. तुझा दादा म्हणाला, "मला सांगायचं की, मी लावला असता." त्यात वाईट काहीच नव्हतं, पण मी ओट्याशी उभी राहून ढसाढसा रडले. पतसंस्थेत दिवसभर दुसऱ्यांच्या हप्त्यांच्या तारखा लक्षात ठेवणारी बाई घरातला एक नंबर विसरली, म्हणून नव्हे. विसरायचा हक्कही माझ्या एकटीकडेच होता, म्हणून.

तू समजूत काढली नाहीस. विचारलंस, "वहिनी, या घरात काय काय करायचं असतं, त्याची यादी कुठाय?" मी डोक्याकडं बोट दाखवलं. तू आप्पांची जुनी वही घेऊन बसलीस. आप्पांच्या बीपीच्या गोळ्या, टाकी धुणं, वर्षाची हळद दळून आणणं, मामेसासूबाईंच्या नातीच्या लग्नाचा आहेर, धाकट्याचे घट्ट झालेले बूट. रात्री साडेअकराला 94 कामं झाली. तुझा दादा ती पानं उलटत बराच वेळ गप्प बसला. तीच कामं मी तोंडानं सांगायचे तेव्हा ती कटकट होती. तुझ्या अक्षरात आल्यावर ती कामं झाली. याचा मला थोडा रागही आहे, पण तो तुझ्यावर नाही.

मग तू हिंजवडीची विद्या काढलीस. 2001 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत युटाच्या बर्फाळ डोंगरात 17 सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला, हे तू आईंना भाकरी थापताना सांगत होतीस. वर्षभराचा आराखडा आधी पक्का करून बसायचं नाही. थोडं काम करायचं, दाखवायचं, चुकलं तर लगेच वळायचं. अशा कामाच्या एका पद्धतीचं नाव स्क्रम, हा शब्द रग्बीतला, खांद्याला खांदा लावून ढुशा देतात तो, हे ऐकल्यावर आई म्हणाल्या, "म्हंजे हुतूतूच की." कामांच्या चिठ्ठ्यांचा तुझा तक्ता मात्र आठवडाही टिकला नाही. रंगीत चिकट चिठ्ठ्या पंख्याच्या वाऱ्यानं उडून डाळीच्या डब्यात. शेवटी आईंनीच मार्ग काढला. जेवणघराच्या भिंतीवर तीन दोऱ्या, जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या, आणि कपड्यांचे चिमटे. पहिली दोरी "करायचं", मधली "चाललंय", शेवटची "झालं".

मधल्या दोरीला तीनच चिमटे, हा तुझा हट्ट. हातातलं एक संपल्याशिवाय चौथं घ्यायचं नाही. ही युक्ती जपानी, टोयोटाच्या कारखान्यातल्या कानबानची. कानबान म्हणजे पाटी, असं तू सांगितलंस. आप्पांना ते लगेच पटलं. चाळीस वर्षं हळदीच्या अडतीत दिवाणजी होते ते. "एका वेळी चार सौदे तोंडात धरले की पट्टी चुकणारच," म्हणाले. मला पटायला महिना लागला. कुकर लावता लावता फोनवर बोलत धाकट्याचं गणित तपासणं, यालाच मी हुशारी समजत होते.

"झालं" कशाला म्हणायचं यावर मात्र आपल्या घरात जितकी भांडणं झाली, तितकी वाटणीवरूनही कुठं होत नसतील. तुझ्या दादानं मेथीची चिठ्ठी "झालं"वर नेली. मेथी पिशवीत, पिशवी दाराला, संध्याकाळी पिवळी. आता चिठ्ठीच्या मागं लिहिलेलं असतं: "मेथी: आणून, निवडून, कापडात गुंडाळून." भांड्यांच्या चिठ्ठीमागं: "जाळीतलं खरकटं काढून, ओटा पुसून." 

सकाळी पावणेसातला चहाच्या वेळी काल काय झालं, आज काय, कुठं अडलंय, एवढंच बोलायचं, तेही उभ्यानं. आप्पांचे गुडघे दुखतात, ते खुर्चीत बसून उभे असतात. कामांना गुण द्यायची तुझी कल्पना आम्ही सोडून दिली, रागावू नकोस. आई म्हणाल्या, "भाकरीला मार्क देणार व्हय?"

पण खरे आभार पुराच्या चिठ्ठ्यांबद्दल. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातल्या आपल्या खालच्या मजल्यात काय चाललं होतं ते तुला माहीत आहे. सगळे सगळंच उचलत होते. तूरडाळीचं पोतं माडीवर गेलं आणि घराची खरेदीखतं कपाटात भिजली. तू म्हणालीस, माणसं कमी नव्हती, क्रम नव्हता. मग एका रविवारी आपण तो लावला. इशारा पातळी 40 फूट, धोका 45; आपण आपली खूण 35 वर धरली. पहिली चिठ्ठी कागदपत्रं आणि आप्पांची औषधं, दुसरी इन्व्हर्टर, तिसरी सिलिंडर. डाळ सातवी. गेल्या पावसाळ्यात कोयनेतून विसर्ग वाढला आणि एका रात्री पाणी 35 च्या वर सरकलं. थोरलीनं चिठ्ठ्या काढून ज्याच्या त्याच्या हातात दिल्या. पाऊण तासात सात चिठ्ठ्या "झालं"वर. पुढं पाणी घरापर्यंत आलंच नाही, तरी त्या रात्री मी माडीवर चक्क झोपले.

एक गोष्ट तुला फोनवर सांगितली नव्हती. रविवारी आपण आठवड्याचं मागं वळून पाहतो ना, बरं काय झालं, काय नाही, तेव्हा धाकटा म्हणाला, "आई काम देते आणि मग मागं येऊन उभी राहते." सगळे माझ्याकडं बघायचं टाळत होते. म्हणजे खरंच होतं. आता तो कपडे घड्या करतो तेव्हा मी गॅलरीत जाते. घड्या वाकड्या असतात.

सिलिंडरचा नंबर तुझा दादा लावतो. दोनदा विसरला. दोन्ही वेळा मी रडले नाही, शेजारून आणायलाही त्यालाच पाठवलं.

तुझ्या नावाचीही एक चिठ्ठी दिवाळीपासून पहिल्या दोरीवर लटकलीय. अक्षर आईंचं: "पोरीनं राहायला येणं, चार दिवस." मागं "झालं" कशाला म्हणायचं तेही लिहिलंय: "लॅपटॉप पुण्यात ठेवून." येताना काही आणू नकोस, जाताना भडंग बांधून ठेवते.

तुझी,
वहिनी
सांगली