फाळक्यांना स्टुडिओ दाखवणारा साहेब

प्रिय सुहास,

परवा फोनवर विचारत होतास, १९१२ साली विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून दादासाहेब फाळके लंडनला गेले, तेव्हा त्यांना स्टुडिओ दाखवणारा साहेब कोण? फोनवर आटोपण्यासारखा माणूस नाही तो.

सेसिल हेपवर्थ. जन्म १८७४ चा. वडील मॅजिक लँटर्न (काचेवरची चित्रं पडद्यावर मोठी करून दाखवणारं यंत्र) घेऊन व्याख्यानं द्यायचे, त्यामुळे भिंगं, दिवे, पडदा यांतच पोरगं वाढलं. सिनेमा जेमतेम रांगत होता तेव्हा, १८९७ मध्ये, त्यानं त्या तंत्रावर पुस्तकही लिहिलं. पुढे इंग्लंडात थेम्सकाठच्या वॉल्टनमध्ये स्टुडिओ काढून बस्तान बसवलं.

तू मात्र आधी त्याचा १९०५ चा ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ बघ. सहा-सात मिनिटांचा आहे. सगळा घरचाच मामला: कथा बायकोची, आई-बाप हे दोघं, पळवलेलं बाळ त्यांची मुलगी आणि कुत्रा ब्लेअर, तोही घरचाच. दिग्दर्शन तेवढं ल्युइन फिट्झहॅमनचं. खर्च ७ पौंड १३ शिलिंग ९ पेन्स! प्रती गेल्या ३९५. प्रती काढून काढून निगेटिव्ह, म्हणजे मूळ फिल्म, झिजलं म्हणून अख्खा सिनेमा पुन्हा काढावा लागला, तोही दोनदा.

पण हिशेब राहू दे, तू एडिटिंग करतोस म्हणून सांगतो. कुत्रा खिडकीतून उडी मारतो, रस्ता, कोपरा, मग नदी पोहून पलीकडच्या वस्तीत. मालकाला आणायला परततो तो त्याच वाटेनं, तीच ठिकाणं उलट्या क्रमानं. पडद्यावर मजकुराची पाटी नाही, खुलासा नाही, तरी आपण कुठे आहोत हे क्षणभरही चुकत नाही. त्या काळात बहुतेकांचा कॅमेरा नाटकाच्या पहिल्या रांगेत बसल्यासारखा असायचा रे!

आणि गंमत बघ, ज्याच्या कंपनीनं हे केलं, त्यालाच पुढे कट, म्हणजे एका दृश्यावरून झटकन दुसऱ्यावर जाणं, खटकायला लागला. दृश्य कसं अलगद विरून दुसरं यावं, हा त्याचा हट्ट. १९२३ च्या ‘कमिन थ्रू द राय’मध्येही तेच. फ्रेम देखण्या, पण तोवर अमेरिकन सिनेमा वेगानं कुठल्या कुठे गेला होता. माझ्या मते त्याला चित्र कळायचं, घाई कळायची नाही. तरी बुडाला तो निव्वळ त्यामुळे नाही. धंदा वाढवायला शेअर काढले, ते लोकांनी पुरेसे उचलले नाहीत आणि १९२४ मध्ये कंपनी गेली. निगेटिव्ह विकली गेली, ती वितळवलीसुद्धा. ज्यानं वॉल्टनमध्ये फाळक्यांना स्टुडिओचा एकेक विभाग हिंडून बघू दिला, तो पुढे ट्रेलर बनवून पोट भरत होता. १९५३ मध्ये वारला. त्याआधी दोन वर्षं आत्मचरित्र मात्र छापून गेला.

रोव्हर बघितलास की कळव. नदीच्या शॉटवर तुझ्याशी वाद घालायचाय. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिकेत