स्क्रीन प्रिंटरची उधारी आणि ४५ दिवसांचा कायदा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कमी भांडवलात धंदा करू पाहणाऱ्या तरुणांना स्क्रीन प्रिंटिंगचा सल्ला हमखास दिला जातो. लाकडी फ्रेमवर ताणलेली जाळी (स्क्रीन), शाई जाळीतून दाबणारी रबरी पट्टी म्हणजे स्क्वीजी, प्रकाशाने जाळीवर चित्र उमटवणारी एक्स्पोजिंगची पेटी आणि सुकवण्याचा रॅक एवढ्या सामग्रीवर घरातल्या एका खोलीत काम सुरू करता येते, आणि मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटातील ५० हजार रुपयांपर्यंतच्या कर्जात ते बसूही शकते. मात्र हा धंदा सुरू करणे जितके स्वस्त, तितके तो टिकवणे स्वस्त नाही. त्याचे कारण यंत्रसामग्रीत नसून उधारीत आहे, याकडे आपल्या वृत्तपत्राद्वारे लक्ष वेधू इच्छितो.

काटकसर आम्हाला कोणी शिकवण्याची गरज नाही. काम संपले की स्क्रीन डीकोट करून, म्हणजे तिच्यावरचे जुने चित्र काढून, तीच जाळी पुन्हा वापरली जाते. धुलाईत वापरलेले थिनर डब्यात भरून ठेवले की रंगाचा गाळ तळाशी बसतो आणि वरचे निवळ थिनर पुढच्या धुलाईला चालते. पण या काटकसरीलाही मर्यादा आहे. पावसाळ्यात दमट हवेने लाकडी फ्रेम वाकते, जाळीचा ताण सैल होतो, कागदही ओल धरून किंचित वाढतो, आणि दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसत नाही. मग वाया गेलेला माल आमच्याच खात्यावर पडतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेम घेतल्या तर निदान वाकण्याचा त्रास तरी वाचेल. त्या घ्यायला लागणारा पैसा मात्र बाजारात अडकलेला असतो.

प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, आणि फिल्म, कोटिंग, एक्स्पोजिंग व रजिस्ट्रेशन (रंग एकमेकांवर नेमके बसवणे) यांचा खर्च ५० नगांना जेवढा, जवळपास तेवढाच ५०० नगांना येतो. त्यामुळे एक-दोन नगांची बहुरंगी कामे डीटीएफसारख्या (फिल्मवर छापून कापडावर उतरवण्याच्या) डिजिटल छपाईकडे गेली, याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. आमच्या वाट्याला मोठ्या संख्येची, एक-दोन रंगांची कामे उरतात आणि नेमक्या त्यांनाच आधी माल भरावा लागतो. चातुर्मासात लग्नपत्रिका बंद असतात, तेव्हा दहीहंडी आणि गणपतीच्या टी-शर्टवर घर चालते. समजा, एखाद्या मंडळाला दोन रंगांत छापलेले २०० टी-शर्ट हवे आहेत. तिरुपूरहून येणारे कोरे टी-शर्ट व्यापारी रोखीने देतो, शाईवालाही उधारी ठेवत नाही. मंडळ मात्र वर्गणी जमली की बघू म्हणते. वर्गणी जमते, मिरवणूक होते, पुढच्या वर्षी कार्यकारिणी बदलते आणि नवे पदाधिकारी जुन्या बिलाशी आमचा संबंध नाही म्हणून मोकळे होतात. संस्थांचे बिल तर ‘मंजुरीला गेलेले’ असते. ते तिथून परत कधी येते, हे कोणी सांगत नाही.

यावर कायदा नाही असे नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकर तरतुदीनुसार, व्यावसायिक ग्राहकाने मुदतीत न दिलेली रक्कम तो ज्या वर्षी प्रत्यक्ष देईल त्याच वर्षीच्या खर्चात धरता येते, त्याआधी करात तिची वजावट मिळत नाही. परिणामी काही बिले मार्चअखेर तरी निघतात. पण भाद्रपदात केलेल्या कामाचे पैसे मार्चमध्ये मिळणे म्हणजे ४५ दिवस नव्हेत. मंडळे आणि घरगुती ग्राहक तर व्यवसायाचा खर्च दाखवतच नसल्याने त्यांना या तरतुदीचा धाक असण्याचे कारण नाही.

थकलेल्या बिलाबद्दल केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते, हेही खरे. त्यासाठी लागणारी ‘उद्यम’ ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी विनाशुल्क आहे आणि माझ्या प्रत्येक व्यवसायबंधूने ती करून घ्यावी. तथापि आठ-दहा हजारांच्या बिलासाठी व्याज मागणारा प्रिंटर त्या ग्राहकाचे पुढचे काम गमावतो, ही तालुक्याच्या गावातली वस्तुस्थिती आहे. त्यामुळे कायद्याचा आधार प्रामुख्याने त्यालाच घेता येतो, ज्याचे एका ग्राहकावाचून अडत नाही.

म्हणून जिल्हा उद्योग केंद्रांनी कर्जमेळाव्यांत यंत्रांच्या कोटेशनइतकेच खेळत्या भांडवलाबद्दलही बोलावे, आणि छोट्या बिलांच्या तक्रारी तालुका पातळीवर ऐकण्याची सोय करावी. शिक्षणसंस्थांनी व नगरपालिकांनी छपाईच्या प्रत्येक कामाची लेखी ऑर्डर द्यावी व तीत पैसे देण्याची तारीख लिहावी. मंडळांकडून एवढीच अपेक्षा आहे, की स्क्रीन एक्स्पोज करण्यापूर्वी निदान कोऱ्या मालाची किंमत त्यांनी आगाऊ द्यावी. मजुरीसाठी आम्ही विसर्जनापर्यंत थांबायला तयार आहोत.

आपला विश्वासू,
एक स्क्रीन प्रिंटर, कराड
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)