अर्थमंत्री साहेब, खोट्या ब्रोकरची जाहिरात मुळात चालूच कशी होते?

आदरणीय अर्थमंत्री साहेब,
स.न.वि.वि.

माझ्या मावशीचे रिटायरमेंटचे जवळपास सगळे पैसे एका खोट्या ब्रोकरने खाल्ले. आयुष्यभर अकाउंट्समध्ये काम केलेली बाई आहे ती, एकेक पावती जपून ठेवणारी, त्यामुळे शिकलेली माणसं कशी काय फसतात हा प्रश्न आता प्लीज कोणी विचारू नका. तीन रात्री तिच्याशेजारी बसून मी सगळे चॅट वाचले आणि मला धक्का बसला तो एकाच गोष्टीचा, की या लोकांना अजिबात घाई नव्हती. आपण सगळ्यांना सांगतो की घाई करणाऱ्यापासून सावध राहा, आणि इथे दीड महिना कोणी पैशाचं नावसुद्धा काढलं नाही.

सुरुवात झाली एका जाहिरातीने. ओळखीचा चेहरा, त्याचाच आवाज, सगळं एआयने बनवलेलं. क्लिक केलं की थेट ग्रुपमध्ये. तिथे एक 'सर' रोज फुकट टिप्स देणार, बाकीचे प्रॉफिटचे स्क्रीनशॉट टाकणार आणि सरांचे आभार मानणार, आणि हे बाकीचे म्हणजे बहुतेक त्याच टोळीतली माणसं. मग ॲपची लिंक येते. ते ॲप म्हणजे नुसतं चित्र असतं साहेब, मागे ना बाजार ना सौदा, स्क्रीनवरचा आकडा तिकडे बसलेला माणूस हवा तसा वाढवतो. सुरुवातीला थोडे पैसे काढायला मागितले तर लगेच मिळतात, आणि मावशीचा विश्वास बसला तो तिथेच. मोठी रक्कम काढायला गेली तेव्हा आधी टॅक्स भरा, मग व्हेरिफिकेशन डिपॉझिट भरा, मग खातं फ्रीझ झालंय ते सोडवायचे पैसे भरा. स्वतःचेच पैसे काढायला वरून आणखी पैसे मागितले की तिथेच थांबायचं, कारण खरा ब्रोकर त्याचे चार्जेस तुमच्या बॅलन्समधून कापतो. आणि दर वेळी पैसे पाठवायचं खातं वेगळ्याच नावाचं, कधी कुठली ट्रॅव्हल कंपनी, कधी कोणी अनोळखी माणूस. ब्रोकरचं नाव एक आणि खात्याचं नाव दुसरं, एवढं जरी बघितलं असतं तरी ती वाचली असती.

पण आता हे ऐका. मावशीने रजिस्ट्रेशन नंबर चेक केला होता! नियामकाच्या, म्हणजे ब्रोकरना परवाना देणाऱ्या संस्थेच्या, साइटवर तो नंबर खरा निघाला, कारण तो एका खऱ्या ब्रोकरचा होता, या लोकांनी फक्त उचलून लावला होता. याला क्लोन फर्म म्हणतात. म्हणून 'नंबर तपासा' हा तुमच्या जाहिरातीतला सल्ला अर्धाच आहे. नियामकाच्या यादीत त्या कंपनीची जी वेबसाइट आणि जो फोन नंबर दिलाय तिथे स्वतः फोन करून विचारायचं की हा माणूस तुमचा आहे का. समोरच्याने पाठवलेल्या नंबरवर नाही. हे वाक्य लोकांपर्यंत पोचवा.

तरी माझं म्हणणं असं आहे की सगळी जबाबदारी लोकांच्या सावधपणावर टाकू नका. ही जाहिरात कोणीतरी पैसे घेऊन दाखवली ना? ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून गुगलने नियम केला की आर्थिक सेवेची जाहिरात द्यायची तर आधी तिथल्या नियामकाची, एफसीएची, मान्यता दाखवा. म्हणजे हे तांत्रिकदृष्ट्या जमतं. मग प्रत्येक प्लॅटफॉर्मला कायद्याने सक्ती का नको? ऑस्ट्रेलियाने फेब्रुवारी 2025 मध्ये कायदा करून बँका, टेलिकॉम आणि डिजिटल प्लॅटफॉर्म तिघांनाही स्कॅम रोखण्याच्या जबाबदारीत आणायचा मार्ग मोकळा केलाय.

बँकांचंही तसंच. ब्रिटनमध्ये 7 ऑक्टोबर 2024 पासून फसवून करायला लावलेल्या देशांतर्गत ट्रान्सफरचे पैसे 85,000 पौंडांपर्यंत परत द्यावे लागतात, आणि त्याचा भार पाठवणारी आणि घेणारी बँक अर्धा-अर्धा उचलते. मला यातला घेणारी बँक हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चोराचं खातं तिच्याकडे उघडलेलं असतं, ते कोणी आणि कसं उघडलं हे तिने बघायलाच हवं.

इशाऱ्यांच्या याद्याही आहेत. जगभरच्या नियामकांच्या आयओएससीओ या संघटनेने मार्च 2025 मध्ये आय-स्कॅन सुरू केलं, त्यात वेगवेगळ्या देशांनी धोक्याच्या म्हणून सांगितलेल्या कंपन्या एकत्र शोधता येतात. चांगलं आहे, पण मावशीला हे कोण सांगणार होतं? ट्रान्सफर करताना बँकेच्या ॲपनेच ती यादी तपासून तिला थांबवायला हवं होतं. आणि यादीत नाव नाही म्हणजे कंपनी खरी असं पण नाही, हे लोक आठवड्याला नाव बदलतात.

तक्रार करायला गेलो तर समोरचा म्हणाला, पैसे तुम्हीच पाठवलेत ना? मावशी त्यानंतर दोन दिवस जेवली नाही. आणि आठवड्याभरात 'रिकव्हरी डिपार्टमेंट'मधून फोन, तुमचे पैसे सापडलेत, फक्त फी भरा. एकदा लुटलेल्यांच्या याद्या विकल्या जातात आणि त्यांना दुसऱ्यांदा लुटतात, म्हणून तक्रार घेतानाच प्रत्येकाला हे सांगणं बंधनकारक करा.

काल रात्री तीच जाहिरात मला दिसली, चेहरा वेगळा, वाक्यं तीच. मी रिपोर्ट केली, उत्तर आलं की आमच्या नियमांचा भंग होत नाहीये. सकाळी बघितलं तर अजून चालूच होती. त्याचा स्क्रीनशॉट आणि लिंक या पत्रासोबत तुमच्या ऑफिसला मेल करतेय, आधी ती बंद करून दाखवा.

आपली,
एक भाची