खावटी हवी ती आषाढात

महोदय,

पावसाळा आला की जव्हार-मोखाड्यातल्या कुपोषणाच्या बातम्या छापून येतात आणि दिवाळीपर्यंत विरून जातात. मुळात हा तीन महिन्यांच्या खाण्यापुरत्या धान्याचा, म्हणजे खावटीचा, प्रश्न आहे आणि त्याचा हिशेब मांडता येतो.

एक-दीड एकरात भात, नाचणी, वरई घेणाऱ्या घराचे धान्य होळीच्या आसपास संपते. ज्येष्ठापर्यंतचे दिवस वीटभट्टीच्या मजुरीवर निघतात. पुढे आवणी, म्हणजे भाताची लावणी. तेव्हा राबणाऱ्या पाच माणसांच्या घराला महिन्याला साधारण ५५ किलो धान्य लागते. प्राधान्य गटाच्या रेशनकार्डावर माणशी ५ किलोप्रमाणे २५ किलो मिळते, तेही अंगठा उमटला तर. म्हणजे आषाढ ते भाद्रपद ९० किलोची तूट.

ती आधी चुलीवरच भरली जाते. भाकरीच्या जागी पेज येते आणि बाईच्या वाट्याला तळाचे पाणी. रानभाज्या असतात, पण त्यांनी पोट भरत नाही. वेल ओळखता येऊ लागला की कडूकंद खणतात. तो सोलून, पातळ काप करून राखेच्या पाण्यात उकडायचा आणि टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायचा. घाई केली तर उलट्या होतात. शहरात याचे ‘पारंपरिक आहार’ म्हणून कौतुक होते. इथे ऐन आवणीत बाईचा अख्खा दिवस त्यात जातो.

खरे नुकसान त्यापुढे होते. दिडीने घेतलेल्या एका क्विंटलचे कापणीला दीड क्विंटल फेडावे लागतात. शेळी मिळेल त्या भावाला जाते. गणपतीच्या सुमारास भट्टीवाल्याचा बयाणा उचलला की दिवाळीनंतरची मजुरी त्याच्या दराने ठरते.

सरकारी मदत या वेळापत्रकात बसत नाही. २०२० मध्ये जाहीर झालेले चार हजारांचे खावटी अनुदान, निम्मे रोख आणि निम्मे किराणा, अनेक घरांत पुढच्या वर्षी पोचले.

त्यापेक्षा पाड्यावरच धान्यकोठी हवी. केंद्राने १९९६-९७ मध्ये ग्राम धान्य बँकेची योजना आणली होती, तेव्हा कल्पना नवी नाही. ४० घरांच्या पाड्याला ३२ क्विंटल भात आणि १६ क्विंटल नाचणी पुरते. घराला ८० किलो भात (भरडून सुमारे ५० किलो तांदूळ) आणि ४० किलो नाचणी. तांदूळ साठवू नये, सोंडे लागतात. भात सालासकटच ठेवावे आणि दाताखाली दाणा कट्टकन तुटेल इतके वाळवावे. कणगी भिंतीपासून हातभर लांब, फळीवर. भर पावसात भात वाळत नाही नि गिरणीत कण्या होतात, म्हणून आषाढातला पहिला हप्ता नाचणीचा द्यावा; तिला कीड फारशी लागत नाही आणि ती घरच्या जात्यावरही दळता येते.

परतफेड क्विंटलला दहा किलो जादा, उंदीर आणि घटीपुरती. कोठी बुडते ती बहुधा इथेच: ओले किंवा पोचट भात परत येते आणि ओळखीपायी कोणी बोलत नाही. वजन आणि पाखडणी सर्वांसमक्ष व्हावी, दोन कुलपे दोन घरांत असावीत. पीक गेले त्या वर्षी वसुली पुढे ढकलून तेवढी भर खावटीच्या निधीतून घालावी. आणि उचल सातबारा पाहून नको, चूल पाहून द्यावी. वेगळी राहणारी मुले, वनपट्टा न मिळालेली घरे नाहीतर पुन्हा बाहेरच राहतात.

पहिली भरणी पौषात, भात स्वस्त असताना व्हायला हवी. आदिवासी विकास विभागाने त्यासाठीची तरतूद मार्चअखेरीवर ठेवू नये.

— एक कार्यकर्ता, मोखाडा (जि. पालघर)